आनेकेची वही

आनेके, तुझी वही माझ्याकडे राहिली.
ट्रंकेत, नर्सिंगच्या सर्टिफिकेटाखाली,
डांबरगोळ्यांच्या वासात.
परवा नातवाने एकेका पानावर फोन धरला
आणि तुझं डच मराठीत बोलायला लागलं.

तुम्ही मिरजेत आलात सितारीसाठी.
शिकलगार चाचा म्हणाले, भोपळा वाळू दे, थांबा.
तुझा माणूस थांबला. माझ्या वरच्या खोलीत, भाड्याने.
त्याचं नाव मी घेत नाही,
ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे.

तुझ्या वहीत असं आहे:

८.१० घेतलं.
८.५० भिंत श्वास घेते म्हणाला.
९.३० हसतोय. तोवर भांडी घासली.
११.०० ‘मी’ असं काही उरलंच नाही, म्हणतो.
११.०५ मला पाणी, म्हणतो.
१.४० रडतोय. आईला हाका. डोकं मांडीवर घेतलं.
३.०० मांडी बधिर. हलले नाही.
५.२० झोपला. नळाला पाणी आलं. भरलं.

अशा सतरा रात्री.

त्याचं पुस्तकही नातवानेच शोधलं.
तीनशे पानं, आणि मिरज दीड ओळीत:
‘दख्खनमधल्या एका गावी, संपूर्ण एकांतात, मला ते दिसलं.’
एकांतात!
जिन्यात तुझ्या चपला, खाली माझा स्टोव्ह,
हुस्नाबीच्या घरून रोज येणारा डबा,
तोही ‘मला गोश्त चालत नाही’ म्हटल्यावर वेगळा.

तू घेतलंस एकदाच.
तो व्हिसासाठी मुंबईला गेलेला.
दारात उभी राहून म्हणालीस,
“माझ्याजवळ कुणी बसेल का?”
एवढं वाक्य मराठीत पाठ करून आली होतीस.

मी रजा टाकली. नऊ वर्षांतली पहिली, पोटदुखीची.
कसं बसायचं ते मला ठाऊक होतं.
मिशन हॉस्पिटलात टायफॉइडजवळ बसले होते, अडलेल्या बाळंतिणीजवळ,
भूल उतरताना बरळणाऱ्या सावकारांजवळही.
हात धरायचा, नाडी मोजायची,
समोरच्याला दिसतंय ते खोटं म्हणायचं नाही.

(“आजी, तू घेतलंस का गं कधी?” नातू.
नाही रे. ड्यूटीवर होते.)

वहीची शेवटची दोन पानं माझ्या अक्षरात आहेत.
नाडी ९६. नाडी ११०. घाबरली. खिडकी उघडली.
नाडी ८८.
मग तू म्हणालीस, आत कुणीतरी खरवडतंय,
आणि अनवाणी खाली उतरलीस,
शिकलगारांच्या अंगणात, टांगलेल्या भोपळ्यांखाली,
एकेकाला कान लावत.
मला वाटलं, झालं, आता हिला आवरायचं कसं.
पण खरंच कुणीतरी खरवडत होतं.
रोज्यांचे दिवस. सहेरीआधीच उठून
हुस्नाबी कंदिलाशी बसलेली,
भिजवलेल्या भोपळ्यातला गर काढत.
तिने तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
काही विचारलं नाही.
एक भोपळा तुझ्या हातात दिला.
उजाडेपर्यंत खरवडलास, बिया ओच्यात घेऊन.

कुणी म्हणेल, तुम्ही बायका म्हणजे तरफेच्या तारा,
बोट न लावता झणकारणाऱ्या.
म्हणू देत.
चाचांना तरफा लावताना पाहिलंय मी.
अकरा खुंट्या, एकेक पिळत, अख्खी दुपार.
आपोआप काही वाजत नाही.

डिसेंबरात युद्ध लागलं. काचांना काळे कागद.
पोलीस परक्यांची चौकशी करू लागले,
दोन तासांत तुमची खोली रिकामी.
सितार घेऊन गेलात. वही राहिली.
त्या सितारीत तुझा भोपळा होता की नव्हता,
हुस्नाबीला विचारायचं राहून गेलं.

शेवटची नोंद माझीच:
५.४० पूर्ण शुद्धीत. म्हणाली, आता तू झोप.

रात्रपाळीत असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

खाली सही नव्हती. चार्टला सही लागते.
काल चष्मा लावून केली:
एस्तेर आवळे, स्टाफ नर्स.
शेजारी तुझ्यापुरती जागा सोडली आहे,
आणि हुस्नाबीच्या अंगठ्यापुरती.